आत्महत्येच्या प्रयत्नानंतरचे साहाय्य

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या व्यक्तीस तिचे प्राण वाचविल्यानंतरच्या काळात मिळणारे वैद्यकीय, मानसिक, कौटुंबिक, कायदेविषयक व आर्थिक साहाय्य, तसेच त्या व्यक्तीने असे साहाय्य स्वतः होऊन मागणे, या दोहोंचा या विषयात अंतर्भाव होतो. आत्महत्येचा प्रतिबंध म्हणजे केवळ प्रयत्न होऊ न देणे, असा समज रूढ आहे. वस्तुतः एकदा प्रयत्न झालेल्या व्यक्तीस पुढील काळात सांभाळणे हा प्रतिबंधाचा अत्यंत महत्त्वाचा भाग होय. प्रस्तुत नोंदीत या साहाय्याचे सर्वसामान्य स्वरूप आणि महाराष्ट्रातील बीड जिल्ह्याच्या संदर्भात त्यापुढील विशेष अडचणी व उपलब्ध साधने यांचे विवेचन केले आहे.

समस्येचे स्वरूप : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ७,२७,००० व्यक्तींचा आत्महत्येने मृत्यू झाला. अशा प्रत्येक मृत्यूमागे सुमारे २० प्रयत्न होतात, असे ही संघटना मानते. भारतात राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राने २०२२ या वर्षी १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद केली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील असून ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. मृत्यूंची अशी गणना होत असली, तरी प्रयत्नांची विश्वसनीय मोजदाद होत नाही. लोकलज्जा व पोलिसांची भीती यांमुळे पुष्कळसे प्रयत्न ‘अपघात’ किंवा ‘चुकून घडलेला प्रकार’ म्हणून दडपले जातात. त्यामुळे वाचलेल्या व्यक्ती बव्हंशी अदृश्य राहतात व साहाय्यासही मुकतात.

पूर्वीचा प्रयत्न हा पुढील आत्महत्येचा सर्वांत ठळक पूर्वसूचक समजला जातो. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे व महिने विशेष जोखमीचे असतात. तथापि या गोष्टीची दुसरी बाजूही तितकीच सत्य आहे. विविध देशांत झालेल्या दीर्घकालीन पाहण्यांवरून असे दिसते, की प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक व्यक्ती पुढे आत्महत्येने मरत नाहीत. आत्यंतिक आवेग हा बहुधा अल्पकाळ टिकणारा असतो. तो ओसरेपर्यंत व्यक्ती सुरक्षित राहिल्यास आणि मूळ दुःखावर उपाय सुरू झाल्यास ती पुन्हा नेहमीचे जीवन जगू शकते. ‘ज्याने एकदा ठरविले त्याला कोणी अडवू शकत नाही’ हा लोकसमज म्हणूनच निराधार आहे.

आत्महत्येच्या प्रयत्नामागे सामान्यतः एकच कारण नसते. विषण्णता (नैराश्य), मद्यासक्ती, दीर्घ आजार, कर्ज, कौटुंबिक छळ, परीक्षेतील अपयश, अपमान अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम याने १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात व्यक्तीचे समाजाशी असलेले बंध शिथिल होणे व आत्महत्या यांचा संबंध दाखवून दिला होता. प्रयत्नानंतरच्या साहाय्याचा गाभाही हे तुटलेले बंध पुन्हा जोडणे हाच आहे.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती : मराठवाड्यातील बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौ. किमी. व लोकसंख्या २५,८५,०४९ (२०११) असून त्यात ११ तालुके आहेत. बालाघाटाच्या डोंगररांगांनी व्यापलेला बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. कापूस व सोयाबीन ही नगदी पिके हाती न आल्यास बँकेचे आणि सावकाराचे कर्ज थकते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे हा जिल्हा राज्याच्या चिंतेचा विषय झाला आहे. परंतु सार्वजनिक चर्चा प्रायः मृत्यूनंतर सुरू होते. जे वाचतात त्यांची विचारपूस गावाच्या पातळीवरही क्वचितच होते.

जिल्ह्याचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ऊसतोडीसाठी होणारे हंगामी स्थलांतर. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत लक्षावधी मजूर पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पती-पत्नी जोडीने (कोयता) काम करतात. दोघांपैकी एकजण अंथरुणास खिळल्यास दुसऱ्याचेही काम थांबते आणि उचल अंगावर राहते. त्यामुळे प्रयत्नातून वाचलेली व्यक्ती शरीराने थोडी सावरताच फडावर परतते. उपचार ज्या रुग्णालयात सुरू झाले ते मागे राहते, औषधे संपतात, आणि तिला ओळखणारी आशा कार्यकर्ती किंवा डॉक्टर जवळ नसतात. जेव्हा संपर्काची सर्वाधिक गरज असते, नेमका तेव्हाच तो तुटण्याचा संभव येथे मोठा असतो.

कायद्याची स्थिती : भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ३०९ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंतच्या साध्या कारावासास, दंडास किंवा दोहोंस पात्र असा अपराध होता. विधी आयोगाने १९७१ मध्ये आपल्या ४२ व्या अहवालात हे कलम रद्द करण्याची शिफारस केली. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ते घटनाबाह्य ठरविले. परंतु १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते पुन्हा वैध ठरविले. या प्रश्नाला निर्णायक वळण मिळाले ते मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ या कायद्याने. २९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या या अधिनियमाच्या कलम ११५ नुसार, प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. तिच्यावर खटला चालविता येत नाही किंवा तिला शिक्षा करता येत नाही. उलट, तिची काळजी, उपचार व पुनर्वसन यांची तरतूद करून पुन्हा प्रयत्न होण्याचा धोका कमी करणे, हे शासनाचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ समाविष्ट नाही. लोकसेवकास कर्तव्य करण्यास भाग पाडण्याच्या वा त्यापासून रोखण्याच्या उद्देशाने केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली अपराध मानला आहे.

असे असूनही ‘दवाखान्यात नेले तर केस होईल’ ही भीती ग्रामीण भागात अद्याप कायम आहे. रुग्णालय अशा प्रकरणाची वैद्यकीय-वैधानिक नोंद करते व पोलीस जबाब घेतात, हे खरे. परंतु ही नोंद म्हणजे आरोप नव्हे. कोणत्याही आपत्कालीन रुग्णावर पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता प्रथम उपचार केले पाहिजेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात दिला आहे. प्रयत्नामागे सासरचा किंवा अन्य कोणाचा छळ असल्यास ते जबाबात निर्भयपणे सांगण्याचा त्या व्यक्तीस हक्क आहे. नातेवाइकांच्या समक्ष तसे बोलणे अवघड जात असल्यास एकांताची मागणी करणे योग्य ठरते.

रुग्णालयातील उपचार : प्रयत्नानंतर तात्काळ १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठणे हे पहिले कर्तव्य होय. घरगुती उपाय करीत बसणे घातक ठरते. काही शारीरिक परिणाम उशिरा प्रकट होत असल्याने वरकरणी बरे वाटले, तरी डॉक्टरांच्या अनुमतीवाचून रुग्णास घरी नेऊ नये.

शरीराचा धोका टळल्यानंतर मनाची तपासणी होणे अगत्याचे असते. परंतु खाटांची टंचाई, नातेवाइकांची घाई व संकोच यांमुळे हीच पायरी सर्वाधिक वेळा गळते. मनोविकारतज्ज्ञाची भेट झाल्याशिवाय रुग्णालय सोडू नये आणि ती भेट आपण होऊन मागावी. तीत विषण्णता, मद्यासक्ती, छिन्नमानस यांसारखे विकार आहेत काय हे पाहिले जाते. मरणाचे विचार अद्याप येतात काय, घरी सांभाळणारे कोण आहे, याचीही विचारणा होते. विषण्णतेवरील औषधांचा गुण दिसण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. त्यामुळे प्रारंभी फरक वाटला नाही म्हणून किंवा नंतर बरे वाटले म्हणून ती परस्पर बंद करणे अहितकारक असते. बोधात्मक वर्तनोपचार या मानसोपचारपद्धतीने पुन्हा प्रयत्न होण्याचे प्रमाण घटते, असेही आढळून आले आहे.

साहाय्य मागणे : प्रयत्नातून वाचलेल्या व्यक्तीच्या मनात लाज, अपराधीपणा, राग, थकवा, आणि काही वेळा वाचल्याबद्दलची निराशाही असते. या भावना परस्परविरोधी असल्या, तरी अस्वाभाविक नाहीत. ‘आपण घरावर भार झालो’ ही भावना साहाय्य मागण्याच्या आड येते. ग्रामीण भागात ‘वेडा ठरण्याची’ व मुलामुलींची लग्ने मोडण्याची धास्ती तीत भर घालते. अशा वेळी सर्व हकिकत सर्वांना सांगण्याची आवश्यकता नसते. विश्वासातील एका व्यक्तीस एवढे सांगितले तरी पुरेसा आरंभ होतो, की पुन्हा तसे विचार येत आहेत व एकटे राहणे सुरक्षित वाटत नाही. ही व्यक्ती भाऊ, बहीण, मावशी, मित्र, शिक्षक किंवा आशा कार्यकर्ती यांपैकी कोणीही असू शकते. पहिल्या व्यक्तीने ते गांभीर्याने न घेतल्यास दुसरीकडे जावे. एका ठिकाणचा नकार हा साहाय्याचाच अंत नव्हे. उपचारांविषयीची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क २०१७ च्या अधिनियमाने रुग्णास दिला आहे.

बोलून दाखविणे कठीण असल्यास दूरध्वनी उपयोगी पडतो. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध असून तीवर मराठीतून बोलता येते. तीव्र संकटाच्या वेळी मात्र केवळ दूरध्वनीवर न थांबता १०८ किंवा ११२ या क्रमांकांचा उपयोग करून रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

सुरक्षा-योजना : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बार्बरा स्टॅन्ली व ग्रेगरी ब्राउन यांनी विकसित केलेली ही पद्धती आता अनेक देशांत वापरली जाते. रुग्ण व उपचारक मिळून एका कागदावर पुढील बाबी क्रमाने लिहितात : (१) संकट जवळ येत असल्याच्या स्वतःच्या खुणा, उदा., झोप उडणे, सतत तोच विचार येणे. (२) स्वतःपुरते करता येण्याजोगे उपाय. (३) मन वळविणारी माणसे व ठिकाणे, जसे पार, देऊळ, भजनी मंडळ. (४) मदत मागता येईल अशा व्यक्ती. (५) डॉक्टर व साहाय्य-सेवा यांचे क्रमांक. (६) परिसर सुरक्षित करण्याची तजवीज. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातून अशी योजना देऊन व नंतर दूरध्वनीवरून चौकशी करून झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात (२०१८) पुढील सहा महिन्यांतील आत्मघातकी वर्तन सुमारे निम्म्याने कमी आढळले. निरक्षर व्यक्तीसाठी हीच योजना तोंडी ठरवून घरातील एकाच्या ध्यानात ठेवता येते.

यांतील शेवटची बाब शेतकरी कुटुंबात विशेष महत्त्वाची आहे. शेतीसाठी आणलेली औषधे व अन्य घातक वस्तू राहत्या घरात न ठेवता कुलपात आणि दुसऱ्याच्या ताब्यात ठेवल्यास आवेगाचा क्षण निभावून जाण्यास अवधी मिळतो. रुग्णाच्या गोळ्यांचा साठाही विश्वासू नातेवाइकाने सांभाळावा.

कुटुंबाची भूमिका : ‘आमच्या तोंडाला काळे फासलेस’, ‘मुलांचा तरी विचार करायचा होतास’ यांसारखी वाक्ये दुःखाच्या भरात निघतात, परंतु ती ऐकणाऱ्याचा एकाकीपणा वाढवितात. याउलट, घडलेल्या प्रकाराविषयी संपूर्ण मौन पाळणे हेही हितावह नसते. मरणाचे विचार येतात काय, असे स्पष्ट विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत. उलट, मनातले बोलण्यास वाट मिळते. उपदेश न करता ऐकून घेणे, प्रारंभीचे काही आठवडे व्यक्तीस एकटे न सोडणे, रात्रीच्या झोपेकडे व मद्यपानाकडे लक्ष देणे, तपासणीच्या दिवशी सोबत जाणे, आणि तिच्या आवडीची साधी कामे हळूहळू तिच्याकडे सोपविणे, या गोष्टी उपकारक ठरतात. देवदर्शन किंवा कीर्तन यांमुळे धीर मिळत असेल, तर त्यास विरोध करण्याचे कारण नाही. मात्र देवऋषी वा मांत्रिक यांच्या नादाने औषधोपचार थांबवू नयेत. सांभाळणाऱ्या कुटुंबीयांवरही मोठा ताण असतो. त्यांनीही स्वतःसाठी समुपदेशन घेणे इष्ट असते.

संपर्क व अनुवर्तन : प्रयत्नानंतरच्या साहाय्यात सर्वांत साधा व सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे नियमित संपर्क होय. सॅन फ्रान्सिस्को येथील मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी रुग्णालयातून गेल्यानंतर पुढील उपचार नाकारलेल्या ८४३ व्यक्तींचे दोन गट केले. त्यांपैकी एका गटास पाच वर्षांपर्यंत ठराविक काळाने विचारपूस करणारी छोटी पत्रे पाठविली. त्यांत कोणतीही मागणी नव्हती, केवळ आठवण असल्याची खूण होती. या गटातील आत्महत्यांचे प्रमाण, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, कमी राहिल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले.

जागतिक आरोग्य संघटनेचा याविषयीचा अभ्यास भारताच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. ब्राझील, भारत, श्रीलंका, इराण व चीन या पाच देशांत तो झाला असून भारतातील केंद्र चेन्नई येथे होते. प्रयत्नानंतर आपत्कालीन विभागात आलेल्या १,८६७ व्यक्तींपैकी एका गटास नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटास त्यांखेरीज रुग्णालयातून जाताना सुमारे एक तासाचे मार्गदर्शन आणि पुढील १८ महिन्यांत नऊ वेळा दूरध्वनीने किंवा प्रत्यक्ष भेटून विचारपूस, एवढेच देण्यात आले. या मुदतीअखेर आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण पहिल्या गटात २·२ टक्के, तर दुसऱ्या गटात ०·२ टक्के आढळले (२००८). या नऊ भेटी पहिल्या तीन महिन्यांत दाट व पुढे विरळ होत्या. त्यांना महागडी साधने लागली नाहीत. प्रशिक्षित कर्मचारी आणि चिकाटी यांवर त्यांचे यश अवलंबून होते.

बीड जिल्ह्यातील साधने : १९७४ मध्ये अंबाजोगाई येथे स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्यास जोडलेले रुग्णालय, आणि बीड येथील जिल्हा रुग्णालय, ही उपचारांची प्रमुख केंद्रे होत. पश्चिमेकडील आष्टी तालुक्यातील लोकांना अहिल्यानगर अधिक जवळ पडते. राज्यातील जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नसल्याने गावपातळीवरील सेवेचे महत्त्व येथे वाढते. राज्य शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ ही शेतकरी समुपदेशन सेवा सुरू केली. तीत आशा कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याची लक्षणे असलेल्या व्यक्ती हुडकाव्या व त्यांना उपचारांपर्यंत पोहोचवावे, अशी योजना होती. आशा कार्यकर्ती गावचीच असल्याने तिच्यापाशी मन मोकळे करणे काहींना सोपे, तर बोभाटा होईल या शंकेने काहींना अवघड जाते. तिच्या कामाचे यश तिने राखलेल्या गुप्ततेवर अवलंबून असते.

स्थलांतरित मजुराच्या बाबतीत गाव सोडण्यापूर्वी तपासणी करून घेणे, औषधांची चिठ्ठी व उपचारांचे कागद सोबत ठेवणे, कारखान्याच्या परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रात ते दाखवून औषधे चालू ठेवणे, आणि टोळीतील एका विश्वासू माणसास कल्पना देणे, ही पथ्ये उपयुक्त ठरतात. १४४१६ हा क्रमांक कोणत्याही जिल्ह्यातून व राज्यातून लावता येतो.

मूळ अडचणींचे निवारण : औषध व समुपदेशन यांनी कर्ज फिटत नाही किंवा छळ थांबत नाही. म्हणून प्रयत्नास कारण झालेल्या प्रत्यक्ष अडचणीवर उपाय करणे, हाही साहाय्याचाच भाग होय. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार अवैध सावकारीविरुद्ध सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. कर्जापोटी बेकायदा बळकावलेली जमीन परत मिळविण्याचीही त्यात तरतूद आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा, महिलांसाठीचा १८१ व बालकांसाठीचा १०९८ हे साहाय्य-क्रमांक, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रिया व दुर्बल घटक यांना मिळणारा मोफत कायदेशीर सल्ला, ही अन्य साधने होत. अंबाजोगाई येथे डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या ‘मानवलोक’ या संस्थेने शेतकऱ्यांमध्ये, तर शैला लोहिया यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘मनस्विनी’ या प्रकल्पाने संकटग्रस्त स्त्रियांमध्ये काम केले आहे. प्रयत्नातून वाचलेल्या व्यक्तीस ही कार्यालये स्वतः धुंडाळणे दुरापास्त असते. सोबत जाऊन अर्ज लिहून देणारा एक माणूस मिळणे, हेही तिच्या दृष्टीने मोठे साहाय्य ठरते.

भारत शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंधक धोरणात २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते साध्य होण्याचा एक मार्ग रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडणाऱ्या वाचलेल्या व्यक्तीपासून सुरू होतो. तिला पुढील दीड वर्षात कोणी, कोणत्या दिवशी व कितव्यांदा विचारावयाचे, हे ती घरी जाण्यापूर्वी ठरलेले असणे आणि ती उसाच्या फडावर गेली तरी ते पाळले जाणे, ही बीडसारख्या जिल्ह्यातील या सेवेची खरी कसोटी होय.